एका नंबरवर दोन माणसं असू शकतात

गेल्या सोमवारी कोलशेतच्या ऑफिसात चहा प्यायच्या आधीच माझी चूक कळली...

आमची लॅब घरी माणूस पाठवून रक्ताचे नमुने घेते. बुकिंग आलं की पुढे कुठे जायचं, ते सिस्टीम आपोआप ठरवते. त्या वाटा ठरवण्याचं काम माझं.

लोक घाईत दोनदा बटण दाबतात. म्हणून मी एक वाट केली होती... एकाच नंबरवरून त्याच दिवसाचं दुसरं बुकिंग आलं, तर ते डुप्लिकेट समजून रद्द. महिनाभर छान चाललं. मला त्याचं कौतुकही होतं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी कळव्याहून मनीषा नावाच्या बाईंचा फोन आला. फोन सांभाळणाऱ्या सुनंदाताईंनी स्पीकरवर टाकला. "अहो, तुमचा माणूस माझं थायरॉईडचं रक्त घेऊन निघाला पण! शेजारच्या आजींचं कोण घेणार? कालपासून उपाशी बसल्यात त्या. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, शुगरचा रिपोर्ट आज नाही दिला तर डॉक्टर तारीख पुढे ढकलणार."

दोन्ही बुकिंग मनीषाताईंनीच केली होती, स्वतःच्या फोनवरून. 'एक बुकिंग रद्द' असा मेसेज त्यांना गेलाही होता... आपलंच चुकून दोनदा झालं असेल, असं त्यांना वाटलं.

मी म्हटलं, "पण नंबर एकच होता ना..."

सुनंदाताईंनी फोनवर हात ठेवला. "अगं शहाणे, चाळीत चार घरांना मिळून एक नंबर असतो. तुमच्याकडे काय होतं?"

आमच्याकडे... शाळेच्या फॉर्मवर शेजारच्या काकूंचा नंबर होता. कॉलेजच्या ॲडमिशनलाही तोच. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि माझ्या ॲडमिशनचा निरोप काकू धावत येऊन सांगून गेल्या होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी नियम लिहिताना एकदाही आठवलं नाही.

टेक्निशियन अजून कळव्यातच होता. सुनंदाताईंनी त्याला मागे फिरवलं, "आधी आजींकडे जा, बाकीचे थांबतील" असं बजावून. संध्याकाळी रिपोर्ट गेला. मंगळवारी ऑपरेशन झालं.

त्याच दिवशी मी ती वाट बदलली. आता तसं बुकिंग रद्द होत नाही, सुनंदाताईंच्या यादीत जातं. त्या फोन करून विचारतात, "दोघं आहात की एकच?"

सर म्हणाले, "मग ऑटोमेशन कशाला केलं?" मी म्हटलं, जिथे खात्री आहे तिथे मशीनला ठरवू द्या... जिथे नाही, तिथे विचारू द्या. ते बघू म्हणाले.

या आठवड्यात यादीत दहा नंबर आले. नऊ जणांनी खरंच दोनदा बटण दाबलं होतं. उरलेल्या एका नंबरवर कल्याणच्या सासू-सुना निघाल्या... दोघींना एकच फोन.

सुनंदाताईंचे ते नऊ फोन मला वाया गेले असं वाटत नाही.