मामांचा कोयता आणि होणारे परिणाम

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, भाकरीचा पहिला तुकडा तोंडात जायच्या आत माझे मामा बाबूराव यांच्यावर घोर अन्याय झाला. अन्याय करणाऱ्याचं नाव 'रॉयल किंग' असं होतं. पुरावा माझ्या फोनमध्ये होता, आणि तो मी मोठ्यानं वाचून दाखवला.

(मनात वाचला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण अन्याय मनातल्या मनात वाचायचा असतो हे मला कुणी शिकवलंच नाही.)

मामा कोयते करतात. ऊसतोडीचे. आमचं गाव शिरूर कासारच्या पुढं. दसरा झाला की अर्धं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार बांधून साखर कारखान्यांकडं निघतं. निघण्याआधी मुकादम भट्टीवर येतो आणि आपल्या अख्ख्या टोळीचे कोयते एकदम घेऊन जातो. म्हणजे मामांचं वर्ष पोळा ते दसरा एवढंच! उरलेल्या महिन्यांत खुरपी, विळे आणि मामीची बोलणी.

दूरच्या मुकादमांना दुकान सापडावं म्हणून फोनमधल्या नकाशावर ते मीच टाकलं होतं. त्यावर आलेला हा पहिलाच रिव्ह्यू. एक स्टार! खाली लिहिलं होतं: 'कोयता घरी नेला. बाभळीवर पहिला घाव घातला. मूठ हातात, पातं बाभळीत. मालक बोलत नाही. चहा पण विचारला नाही.'

मामांनी भाकरी ताटात ठेवली. "मूठ ढिली ऱ्हायली आसंल," ते म्हणाले. "त्याला म्हणावं घेऊन ये, दुसरी बसवून देतो."

"मुठीचं ऱ्हाऊ द्या हो!" मामी चुलीपुढून उठलीच. "चहा कावून न्हाई म्हणतो मेला? माझ्या दारातून बिगर चहाचा गेलाय कोण आजवर? मीटर वाचायला येतो त्यो बी पिऊन जातो!"

"लिही की शितल तेवढं," मामा म्हणाले. "घेऊन ये म्हणावं."

तेवढंच? अन्यायाला असं मवाळ उत्तर? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बसथांब्याला शेड, टँकरच्या खेपा, शाळेच्या मुतारीला दार, प्रत्येक गोष्टीवर माझ्या संघटनेनं (सभासद: मी आणि माझी चुलतबहीण) निवेदन दिलेलं आहे. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य: 'मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल.' (परिणाम आजवर एकही झालेला नाही. मुतारीला अजून दार नाही.)

मी रॉयल किंगला जाहीर उत्तर लिहिलं. 'आमच्या मामांची बदनामी करणाऱ्या प्रवृत्तीचा तीव्र निषेध! चोवीस तासांत जाहीर माफी मागा, अन्यथा होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल.' आणि दुकानाला चेहरा हवा म्हणून शेजारी मामांचा फोटो लावला. दोन्ही हातांत दोन नवे कोयते. भट्टीच्या धुरानं डोळे लाल. मामांना फोटोत हसता येत नाही, त्यामुळं दात तेवढे दिसत होते.

मला तो फोटो भारदस्त वाटला. आता तुम्हाला काय सांगू!

रॉयल किंगनं माफी मागितली नाही. मग मी रील केली. मामा कॅमेऱ्यापुढं एक शब्द बोलेनात, म्हणून म्हटलं नुसतं उभं राहा. ते हातात कोयता घेऊन उभे राहिले. मागून मामीनं तापल्या लोखंडावर घण घातला, ठिणग्या उडाल्या. ठिणगी मानेवर पडली म्हणून मामांनी कोयता झटकन वर उचलला. त्या क्षणाला मी मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: 'बदनामी करणाऱ्यांनो, सावधान! होणाऱ्या परिणामास तुम्ही जबाबदार!' मागं हलगीचा ताल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन इतका गरम झाला होता की मामी म्हणाली, यावर भाकरी फुगंल. रील जिल्हाभर फिरत होती! मी एकेक प्रतिक्रिया मामांना वाचून दाखवली.

"'आपल्या बीडचा ढाण्या वाघ.'"

"कोण?"

"तुमी, मामा!"

"'काका, एकदा आमच्या गल्लीत या, एक हिशोब बाकी हाय.'"

"कसला हिशोब? मी त्या गल्लीत कदी गेलतो?"

दुकानाला पाच-पाच स्टार पडायला लागले. देणारी सगळी पोरं. उसाच्या फडात यांतल्या एकानंही पाय ठेवलेला नसावा. 'खतरनाक माणूस.' 'नुसती दहशत.' 'नजर बघून घाम फुटला.' एकानं लिहिलं, 'सेवा उत्तम, समोरचा परत उठत नाही.' मी मात्र हरखून गेले. एका स्टारवरून पावणेपाच! मामांची प्रतिमा मी एकटीनं, फुकटात उजळून दाखवली होती.

फक्त मुकादम यायचे बंद झाले.

दरवर्षी पोळा झाला की भट्टीपुढच्या चिंचेखाली उकिडवी बसून पात्यावर नख फिरवणारी माणसं असायची. यंदा तिथं कुत्रंसुद्धा बसेना. मामा रोज भट्टी पेटवत, कोयते करत, भिंतीला टांगत. भिंत भरली. शेवटी ओळखीतला एक मुकादम रस्त्यावरूनच, मोटारसायकल बंद न करता ओरडला, "बाबूराव, माल एक नंबर हाय तुमचा. पण आमाला बायकापोरं हायेत!"

"आरं, मी काय केलं?"

"मला कायबी म्हाईत न्हाई!" म्हणाला आणि धुरळा उडवत गेला.

मामा माझ्याकडं वळले. "शितल, ते काढून टाक."

"मामा, आता माघार घेतली तर चळवळ संपली!"

"कोणाची चळवळ?"

याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं, पण तेवढ्यात पोलिसांची गाडी आली.

हवालदार गणपतराव उतरले. त्यांच्या घरचा विळा मामांच्याच हातचा. ते मान खाली घालून म्हणाले, "मामा, चला. नव्या सायबांनी बोलावलंय. कोयता घिऊन रील केली, दहशत पसरवली, असं हाय ते."

"मी?" मामांनी मागं वळून पाहिलं. दुसरं कुणी उभं असेल असं त्यांना खरंच वाटलं.

गणपतरावांनी भिंतीवरचे सगळे कोयते पोत्यांत भरले. सगळे! यंदाचा अख्खा हंगाम दोन पोत्यांत बसला, आणि पोती गाडीत. मामी दारात उभी राहून ओरडली, "गणपतराव, दसरा तोंडावर आलाय! टोळ्या निघाल्यावर ते काय माझ्या वरवंट्याशेजारी मांडू?" गणपतराव म्हणाले, "वैनी, मी हुकुमाचा ताबेदार." चहा मात्र पिऊन गेले. (रॉयल किंगनं नोंद घ्यावी.)

ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. मला तिथं पुन्हा जायचं नाहीये.

साहेब तरुण होते, लांबून बदलून आलेले. पोत्याकडं बोट दाखवून म्हणाले, "एवढी हत्यारं कशासाठी?"

"ऊस तोडाय, सायेब."

"एवढी?"

"माणसं तेवढी हायेत, सायेब."

साहेबांना पटत होतं. मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्यांना पटत होतं! अजून दोन मिनिटं मी बाहेर बाकावर बसून राहिले असते तर पोती परत मिळाली असती. पण मी निवेदन आणलं होतं. आत शिरले, टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबले. फोन उघडला. रील लावली. हलगी वाजली. पुन्हा निवेदनाची शेवटची ओळ वाचली.

"ही रील तुम्ही केली?"

"व्यक्तिस्वातंत्र्य..." मी सुरुवात केली.

"व्हय, तिनंच," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं बोलणं तोडलं.

साहेबांनी डोकं धरलं. मग सांगितलं की मामांनी हात जोडून माफीचा व्हिडिओ करायचा, मी लेखी हमी द्यायची, आणि कागद वर जाऊन आले की माल परत. मी हमी लिहून दिली. मामांचा व्हिडिओ मात्र होईना. कॅमेरा दिसला की मामांचे दात दिसायचे, आणि दात दिसले की साहेब म्हणायचे, "पुन्हा. हे धमकीसारखं दिसतंय." शेवटी राहिलं ते राहिलंच. खंडेनवमीला या म्हणाले.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा. आमची हत्यारं ठाण्यात! मामी हळदीकुंकू, झेंडू, नारळ घेऊन निघालीच. "माझे कोयते बिनपूजेचे ऱ्हाणार न्हाईत, मग ते कुटंबी आसोत." ठाण्यातही बंदुका मांडून पूजा चालली होती. तिनं गणपतरावांना बाजूला सारलं, पोती सोडली आणि बंदुकांच्या शेजारी मामांचे कोयते ओळीनं मांडले. सगळ्यांना कुंकू लावलं. एक झेंडू साहेबांच्या पिस्तुलाला उरला, तोही तिनंच वाहिला.

त्या गडबडीत मी फोन धरला आणि गणपतराव मामांना म्हणाले, "मामा, काय म्हणायचंय ते एकदा म्हणून टाका की." आणि मामा कोयत्यांकडं बघत, कॅमेरा विसरून म्हणाले, "ज्याची मूठ निघाली त्यानं घिऊन यावं. माझी चूक हाय. बसवून देतो. चहा पिऊन जा." आणि हात जोडले.

साहेब म्हणाले, "चालेल. टाका."

टाकायचं काम अर्थात माझ्याकडं. दुकानाच्या खात्यावर व्हिडिओ चढवला. फोननं विचारलं, तुम्ही सध्या दुकानात आहात का? मी इकडंतिकडं पाहिलं. दुकानाचा मालक इथं, मालकीण इथं, माल इथं, पूजा इथं. 'हो' दाबलं. फोननं विचारलं, दुकान आता याच जागी आहे का? एव्हाना मी इतकी कावले होते की तेही 'हो' दाबलं.

व्हिडिओ रीलपेक्षा दुप्पट वेगानं फिरला. मुकादमांनी पाहिला. त्यांची भीती गेली. दसरा उलटून टोळ्या हलायला लागल्या होत्या, वेळ नव्हता. पाली गावाकडच्या एका मुकादमानं फोनमध्ये दुकान शोधलं, नकाशा लावला आणि टोळी भरलेला ट्रॅक्टर थेट ठाण्याच्या आवारात घातला!

"कोयते दावा!" त्यानं गणपतरावांना फर्मावलं.

"काय?"

"कोयते वो! आन् चहा सांगा, व्हिडिओत कबूल केलाय."

गणपतरावांनी जे उत्तर दिलं ते छापता येणार नाही. मुकादमानं तिथंच उभं राहून दुकानाला एक स्टार दिला. मागून आणखी दोन टोळ्या आल्या. त्यांनाही तेच उत्तर, त्यांचाही तोच स्टार. आणि त्यांच्या मागून फाटकातून एक वाळकासा माणूस चालत आत आला. डाव्या हातात लाकडी मूठ, उजव्या हातात उघडं पातं.

तीन शिपायांनी त्याला एकदम धरला.

"आवो, मी मूठ बसवाय आलतो!" तो खालून ओरडला. "व्हिडिओत या म्हणले!"

हाच रॉयल किंग! माझा शत्रू. साहेबांनी त्याचाही माफीचा व्हिडिओ तिथंच उरकून घेतला. कागद वरून आले होते, माल घ्यायला आम्हीही तेवढ्यात पोचलो होतो. मामांनी ठाण्याच्या पायरीवर बसून, दगडानं ठोकून त्याची मूठ बसवून दिली. मग थांबलेल्या टोळ्यांना हवे तेवढे कोयते तिथंच आवारात दिले. साधारण एक पोतं गेलं.

रॉयल किंगला मी म्हटलं, "आता तेवढा स्टार काढा."

"ताई, त्यो माझ्या मेव्हण्यानं दिलता. त्याच्याच फोनातून. त्यो फोन घिऊन कारखान्यावर गेला. आन् चहाचं मी न्हाई सांगितलं बरं का! मला आम्लपित्त हाय, वैनी इचारत व्हत्या, मीच नको म्हणलो." मामीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

बाकीचे मुकादम वाट बघून दुसऱ्या गावचे तयार कोयते घेऊन गेले. दुसरं पोतं घरी आलं. कोयते पुन्हा भिंतीला टांगले आहेत, पुढच्या पोळ्यापर्यंत. नकाशावर मामांचं दुकान अजून ठाण्यातच आहे. जागा बदलून द्या म्हणून मी अर्ज केलाय; उत्तर येतं, 'आपली विनंती तपासली जात आहे.' तोवर ठाण्यात जाऊन आलेला प्रत्येक माणूस घरी जाऊन मामांना एक स्टार देतो. 'चार तास बसवून ठेवलं.' 'तक्रार लिहून घेत नाहीत.' 'मालक अंगावर येतो.' एकही रिव्ह्यू मी डोळे उघडे ठेवून वाचू शकत नाही. सरासरी सव्वा. आता तर रॉयल किंगचा तो रिव्ह्यूही स्तुतीसारखा वाटतो!

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. परवा भट्टीपुढं बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, "शितल, तू माझ्यासाठी लई केलंस. आता काय करू नको."

तेव्हा वाचकहो, मागणी एकच आहे आणि ती थेट तुमच्याकडं आहे. हे वाचून झालं की फोन खाली ठेवा. मामांना स्टार देऊ नका. पाच नको, एक नको, 'दहशत' तर मुळीच नको. कोयता लागला तर नकाशा न लावता गावात या, चिंचेखाली ठिणग्या दिसतील तिकडं वळा, मूठ ओढून बघा, चहा प्या आणि घरी जा. ही मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास मी स्वतः जबाबदार राहीन.

(ठाण्यात तसं लिहून दिलंय. खाली माझी सही आहे.)