विनूच्या तोंडात कोणी पाहिलं?

"ॲब्सेस आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. ॲब्सेस म्हणजे दाढेच्या मुळाशी साठलेला पू. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरून मला काळा डाग दाखवला आणि विचारलं, "हा माणूस इतके दिवस जेवला कसा?"

खुर्चीत माझा धाकटा भाऊ विनू अर्धवट गुंगीत बसला होता. अडीच महिने तो एका मनोरुग्णालयात भरती होता, 'हिंसक वर्तन' म्हणून. अडीच महिने उपचार डोक्यावर चालले आणि दुखत होती दाढ. हे लिहितानाही माझं रक्त उकळतं, आणि ते थंड व्हावं अशी माझी इच्छा नाही.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, तिथलंच वाईट, आपलं बरं आहे. ज्यांच्या घरात विनूसारखं माणूस आहे त्यांनी हे आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं.

विनू छत्तीस वर्षांचा आहे, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. वीसेक शब्द बोलतो. 'दुखतं' हा शब्द त्यांत नाही. नंदनवन वस्तीत दोन खोल्यांत तो, आई आणि मी राहतो. मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर, त्यामुळे दिवसभर घरी ते दोघंच. तो आईला भाजी निवडून देतो, गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरला हात करतो. त्याने कधी कोणाला बोट लावलं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता त्याने पोळी सोडली. नुसतं वरणाचं पाणी प्यायचा. स्वतःच्या गालावर चापट्या मारायचा. एक दिवस त्याने ताट भिरकावलं आणि आई तोंड पुसायला गेली तर तिला ढकललं. ती दारावर आदळली, मनगट सुजलं.

तरी आई म्हणाली, "त्याचं काहीतरी दुखून राहिलं गा. उगाच नाही करत तो असं."

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

मी त्याला मनोरुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांना पाच मिनिटं पुरली. "बिहेवियरल आहे, म्हणजे वागण्याचा प्रश्न. अशा मुलांमध्ये ॲग्रेशन वाढतं. भरती करा." छत्तीस वर्षांच्या माणसाला ते मुलगा म्हणाले, तेही मला खटकलं नाही. मी दाखवतील तिथे सह्या केल्या.

पहिल्या आठवड्यात रक्त, लघवी, ईसीजी, डोक्याचा सीटी स्कॅन. सगळं नॉर्मल. माणूस आरपार तपासला, तोंड तेवढं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात सिडेशन सुरू झालं, म्हणजे गुंगीचं औषध. चौथ्या आठवड्यात ते वाढवलं, सातव्यात आणखी. तरी तो गालावर मारतच होता. चार्टवर लिहिलं जायचं, 'सेल्फ-इंज्युरी', म्हणजे स्वतःला इजा करणे. का करतो, हे लिहायला त्या चार्टवर रकानाच नव्हता.

भेट रविवारी, अकरा ते एक. आई सीताबर्डीला बस बदलून डबा घेऊन यायची. आम्ही बाकावर बसून नाव पुकारायची वाट पाहायचो. विनू लाळ गाळत यायचा आणि त्याच्या तोंडाला भयंकर वास यायचा. "औषधाचा वास आहे तो," वॉर्डातला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणाला. मी मान डोलावली आणि नाकाला रुमाल लावला. आईने रुमाल लावला नाही. ती पदराने त्याची लाळ पुसत राहिली.

मग एका रविवारी फळ्यावर सूचना लागली की मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाची समिती तपासणीला येणार आहे, नातेवाइकांनी हजर राहिल्यास बरं. आठ दिवसांत वॉर्डाला रंग लागला, पडदे आले, गाद्यांवर घडी न मोडलेल्या चादरी आल्या. प्रत्येक खाटेशेजारी स्टीलचा पेला, त्यात नवा टूथब्रश आणि त्यावर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी.

मी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं. आमच्या गोदामात कंपनीचे साहेब येणार असले की आम्हीही हेच करतो. चांगले खोके पुढच्या रांगेत, फुटलेले मागे, वर नवी ताडपत्री. साहेब पुढची रांग पाहतात, चहा पितात, जातात. हा खेळ मला पाठ आहे. तरी मी भिंतीला टेकून गप्प उभा राहिलो. आपलं माणूस त्यांच्या ताब्यात आहे, आपण बोललो तर ते त्याच्यावर निघेल, ही भीती प्रत्येक नातेवाइकाला असते, आणि या लोकांना ती बरोबर ठाऊक असते.

समितीत चौघं होते. तिघं कागद पाहायला ऑफिसात बसले. चौथ्या एक साठीच्या बाई, निवृत्त मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका. त्या सरळ वॉर्डात आल्या आणि विनूच्या खाटेवर टेकल्या. पेल्यातला ब्रश उचलून त्यांनी अंगठा फिरवला. शेजारच्या खाटेवरचा पाहिला. तिसरा अजून प्लॅस्टिकच्या पाकिटातच होता.

"सकाळचे साडेनऊ वाजले," त्या म्हणाल्या. "एकही ब्रश ओला कसा नाही गा?"

ब्रदर म्हणाला, "करतात ना मॅडम, आपल्या आपल्या हातानं करतात."

"मंग दे याच्या हाती."

ब्रदरने विनूला ब्रश दिला. विनूने तो हातात फिरवून पाहिला आणि डोक्यावरून कंगव्यासारखा फिरवू लागला. नीट भांग पाडला. कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून छोटी टॉर्च काढली, विनूच्या गालाला हात लावला आणि तो किंचाळला. मग त्या कितीतरी वेळ त्याच्याशी हळूहळू बोलत राहिल्या, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

"फाइल आणा."

फाइल आली. तोंडाची स्वच्छता: चांगली. रोज. खाली सही. अडीच महिन्यांचा एकही दिवस चुकलेला नव्हता.

"याच्या तोंडात कोणी पाहिलं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पेशंट को-ऑपरेट करत नाही मॅडम." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"भाऊ."

"तुम्ही पाहिलं काय?"

मी सांगतो, त्या ब्रदरवर, त्या डॉक्टरवर मी हजारदा चिडलो आहे. पण त्यांच्यासारखंच मीही विनूच्या तोंडात एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे होतो. आधी पू काढला, अँटिबायोटिक दिली, मग दाढ काढली. पाचव्या दिवशी विनूने गालावर मारणं थांबवलं. गुंगीचं औषध टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि तीन आठवड्यांनी तो घरी आला. ज्या 'ॲग्रेशन'साठी त्याला आत ठेवलं होतं ते एका चिमट्यात निघून आलं.

समितीने रुग्णालयाला मुदत दिली. सगळ्या रुग्णांची दंत तपासणी झाली. विनूच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना भेटायला कोणी येत नसे. जेवायच्या वेळी ओरडतात म्हणून त्यांचं ताट नेहमी शेवटी वाढायचे. त्यांच्या तीन दाढा काढल्या आणि ओरडणं बंद झालं. "किती वर्षांपासून ओरडायचे?" मी ब्रदरला विचारलं. "मले नाही माहीत," तो म्हणाला. "मी लागलो तेव्हापासून तर ओरडूनच राहिले होते." मी जिन्यात जाऊन रडलो.

इथे हे संपलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी ब्रश घेऊन विनूसमोर उभा राहिलो. त्याने दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "सॉरी. सॉरी." हा शब्द आमच्या घरात त्याला कोणी शिकवलेला नव्हता.

त्याला बांधत होते. दाढ ठणकली की गालावर मारायचा, मारलं की बांधायचे, आणि तो माफी मागायचा.

मी रुग्णालयात गेलो. उत्तर मिळालं, "आमच्याकडे बांधत नाहीत. रजिस्टर कोरं आहे." कायद्याने रुग्णाला बांधायची वेळ आलीच तर कारण, वेळ लिहावी लागते, घरच्यांना कळवावं लागतं. कोरं रजिस्टर म्हणजे यांच्या निर्दोषपणाचा दाखला! मी मंडळाकडे लेखी तक्रार केली. आता आपलं माणूस बाहेर होतं, गप्प राहायला कारण उरलं नव्हतं. या वेळी समिती न सांगता आली. चादरींच्या कपाटात कापडाच्या पट्ट्या सापडल्या, गाठी तशाच होत्या. वॉर्डाचा प्रमुख हटवला, नव्या लोकांना प्रशिक्षण दिलं. परवा मी जाऊन आलो. सकाळचे ब्रश ओले होते.

सुधारणा झाली, मी मान्य करतो, आणि त्या मेट्रनबाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण ज्या गोष्टीला एक टॉर्च आणि दहा मिनिटं लागतात तिच्यासाठी मंडळ, समिती आणि नोटीस का लागावी? तुमचं माणूस अचानक चिडायला लागलं, जेवण सोडलं, स्वतःला मारू लागलं, तर आधी विचारा की दुखतंय कुठे. दात, कान, पोट, तळपाय, सगळं पाहायला लावा. डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या. आणि घरातली बाई म्हणाली की काहीतरी दुखतंय, तर माझ्यासारखं तिला गप्प करू नका. आईची माफी मी मागितली. "जाऊ दे," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

विनू अजून अधूनमधून मनगटं पुढे करतो. मी ती खाली घेतो.

गेल्या रविवारी मी गोदामाचे कागद पाहत बसलो होतो. विनू आला. त्याने माझा हात धरला, त्यातलं एक बोट निवडलं आणि स्वतःच तोंड उघडून ते आत नेऊन उजव्या बाजूला टेकवलं. मग माझ्याकडे पाहत थांबला. मी उठून टॉर्च आणली. हिरडीत पेरूची बी अडकली होती. ती मी काढली.