परबकाका केबल काढतात

आज मला जे काही येतं, त्यासाठी सगळ्यात आधी एका माणसाचं नाव घ्यायला हवं: वसंत परब. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते संगणक प्रयोगशाळेचे सहायक होते. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या संगणकाची नेटवर्कची केबल उपटली आणि म्हणाले, "आता चालव बघू."

ही त्यांची सवयच होती. आमचे चाळीस जुने संगणक लिनक्सवर चालत. नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी पडद्यावर येण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने दिलेल्या आज्ञा, चालते. पडद्याचा आकार, मराठी कळफलक अशी तयारी ती करते. काका ती स्क्रिप्ट कागदावर छापून घेत, बोट ठेवून वाचत आणि ओळीओळीला मालवणीत विचारत, "नाय इला तर?" म्हणजे, ही ओळ ज्याची वाट बघते आहे ते आलंच नाही तर? शेवटी केबल काढून सफाईच्या शांतामावशींना खुर्चीत बसवत. "मावशी, शिरा आत." मावशी म्हणायच्या, "परब, तुमच्या मशीनपेक्षा माझी पोरं लवकर उठतात!" त्यांना जमलं, तरच स्क्रिप्ट पास.

मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. एकदा काका रजेवर असताना प्रात्यक्षिक परीक्षेची स्क्रिप्ट मी एकट्याने लिहिली. प्रश्नपत्रिकांचा फोल्डर सर्व्हरवरून जोडून घेणारी ओळ खिडकीच्या आधीच टाकली. माझ्या टेबलावर झकास चाललं. परीक्षेच्या सकाळी वीज जाऊन आली आणि सर्व्हर काही उठेना. चाळीस पडदे काळे. स्क्रिप्ट सर्व्हरची वाट बघत होती, खिडकी स्क्रिप्टची आणि मुलं माझी.

नोकरी गेली, असंच मला वाटलं. त्याच दिवशी रजेवरून परतलेले काका बाकांमधून माझ्याकडे आले.

"काय रे झिला, 'नाय इला तर' विचारलं होतंस?"

"नाही, काका."

"मग आधी पोरांना सांग, चूक कोणाची ती."

मी सांगितलं. मागून एक मुलगा ओरडला, "चालेल सर, तेवढाच अभ्यास होईल!" मग एका टोकाने मी आणि दुसऱ्या टोकाने काका, असं एकेका संगणकावर ती ओळ आम्ही लॉगिननंतर हलवली. पाऊण तासात सगळ्या खिडक्या आल्या. तोवर सर्व्हरही उठला.

प्राचार्यांनी विचारलं, "पुढच्या परीक्षेला हे काम कोणाकडे?"

"ह्याच्याकडेच," काका म्हणाले. "कुठे अडकतं ते आता ह्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

काका निवृत्त होऊन देवगडजवळच्या गावी गेले. मी अंधेरीच्या एका कंपनीत हेच काम करतो. गेल्या आठवड्यात त्यांना पत्र पाठवलं:

ती. काका, सा. न.

उपनगरांतल्या वाचनालयांच्या संगणकांसाठी लॉगिनची स्क्रिप्ट आम्ही नव्याने लिहिली. आराखडा माझा आहे. घाटकोपरची हेतल आमच्याकडे नवीन आली आहे. काल ती माझी स्क्रिप्ट बोट ठेवून वाचत होती. सातव्या ओळीवर थांबली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "सर, नाय इला तर?" घरी गुजराती बोलते, पण माझ्याकडून ऐकलेलं हे अगदी तुमच्यासारखं म्हणाली. मी ओळ बदलली. मग केबल तिलाच काढायला दिली.

खिडकी आली, काका.

तुमचा,
सुनील