ओळीचं शेपूट

अरे दत्त्या, सायकल लाव तिथं आणि बस. चहा मी सांगतो. काल आष्टीला काय झालं ते ऐकल्याशिवाय तुला सोडत न्हाई. आज जिनिंगमध्ये दिवसभर टेबलावर बसून एकटाच हसून राह्यलो होतो. हेडक्लार्कनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

पण एकदम कालचं सांगितलं तर मजा जाईल. आमच्या पार्टीचे किस्से म्हंजे दोरीवर वाळत घातलेली धोतरं. एक ओढलं की शेजारची चार अंगावर येतात.

तुला माहीत आहे, मी गुलाबरावांच्या गाण्याच्या पार्टीत झीलकरी आहे. गुलाबराव पुढं माइकवर ओळ गाणार, आणि ओळीचं शेपूट आम्ही तिघांनी मागून उचलायचं. ते म्हणले, "बांधावरच्या बोरीला आलाय बहर," की आम्ही, "आलाय बहर, आलाय बहर." तेवढ्यात गुलाबराव श्वास घेतात, तोंडातलं पान सरकवतात, पुढची ओळ आठवतात. तिघं म्हंजे मी, कापडवाल्यांचा मोतीलाल, आणि आमचे सीनियर विठ्ठलभाऊ. विठ्ठलभाऊ मी चड्डीत होतो तेव्हापासून गुलाबरावांच्या मागं उभे आहेत. गुलाबरावांची सगळी गाणी त्यांना पाठ आहेत. गुलाबरावांना न्हाईत.

*

धावड्याला लग्नात गायला गेल्तो. कार्यक्रम झाला, पंगत बसली. आम्ही तिघं पाटावर टेकतो तोच मुलीचा मामा धावत आला.

"पाव्हणं, जरा उठा. ही गाणाऱ्यांची पंगत आहे."

"आम्ही गाणारेच," मी म्हणलं.

"मंग आम्हाला दिसले कसे न्हाई?"

विठ्ठलभाऊंनी पत्रावळ जवळ ओढली. "दिसायचं काम गुलाबरावांकडं आहे," ते म्हणले. "आमच्याकडं फक्त ऐकू यायचं आहे."

मामानं स्वतः बुंदी वाढली, दोनदा.

*

मोतीलालचं दुखणं उलटं. त्याला दिसायचंच नव्हतं! मारवाडी घर, जालन्यात चार पिढ्या झाल्या, कापडाचं दुकान, आणि दुकानावर काकाजी. काकाजींपुढं शिट्टी वाजवायची सोय न्हाई, तिथं हा पार्टीत गातो हे कोण सांगणार?

एकदा गावातच एका लग्नाला आम्ही गायला उभे राह्यलो, तर समोर गादीवर काकाजी. मोतीलाल सरळ गुलाबरावांच्या पाठीमागं गेला. गुलाबरावांची पाठ तू पाह्यलीच आहे, त्यामागं बैल लपेल. पण ते गाण्यात रंगले की डुलतात. ते डावीकडं, की मोतीलाल डावीकडं. ते उजवीकडं, की हा उजवीकडं. अख्खा कार्यक्रम यानं त्यांच्या कोटाला नाक लावून गायला.

दुसऱ्या दिवशी दुकानात कापड मोजता मोजता काकाजी म्हणले, "कालची पार्टी ठीक होती. पुढचा माणूस जरा बेसूर. मागं एक जण मात्र बराबर सुरात होता. आवाज अगदी आपल्या घरातल्यासारखा."

मोतीलालच्या हातातला गज खाली पडला.

"गज उचल," काकाजी म्हणले. "आणि तो भेटला तर त्याला सांग, गायकाच्या पाठीला इतकं चिकटू नये. आवाज दबतो."

*

आता विठ्ठलभाऊंची सवय सांगतो, कारण कालचं सगळं तिच्यावरच आहे. इतकी वर्षं दुसऱ्यानं सुरू केलेलं उचलायचं, त्यामुळं त्यांच्या तोंडातून पहिलं काही निघतच न्हाई. वहिनी म्हणल्या, "भाजी आज वांग्याची करते," की हे, "वांग्याची करते." हॉटेलात वेटर समोर उभा राह्यला तरी हे गप्प. शेजारच्या टेबलानं भजी मागितली की आमच्याकडं पण भजी.

एकदा आम्हाला परतूरला जायचं होतं. मी विठ्ठलभाऊंना म्हणलं, तिकिटं तुम्ही काढा. खिडकीवर त्यांच्या पुढच्या माणसानं हात आत घातला, "रांजणी, तीन." मागून आमचे भाऊ, लगेच, "रांजणी, तीन."

टीसीनं रांजणीला खाली उतरवलं. आम्ही तिघं फलाटावर, गाडी परतूरकडं. मी भडकलो होतो. "भाऊ, परतूर म्हणायला काय झालं होतं?"

"अरे, तीन बराबर होते ना," ते म्हणले.

*

मंग तीर्थपुरी. तिथं गुलाबरावांनी रस्त्यात कच्च्या चिंचा खाल्ल्या आणि ऐन गाण्यात गळा बसला. पहिला शब्द कसाबसा यायचा, "बांधावरच्या...", आणि पुढं नुसती हवा. विठ्ठलभाऊंनी मागून तो शब्द असा झेलला की लोकांना कळलंच न्हाई. पहिला शब्द गुलाबरावांचा, बाकीची ओळ भाऊंची. गुलाबराव पुढं उभे राहून नुसते ओठ हलवून राह्यले होते. असं अख्खं गाणं, आणि वर आणखी दोन!

तीर्थपुरीकरांनी गुलाबरावांना फेटा बांधला. "आज आवाजात काय गोडवा होता हो तुमच्या!"

गुलाबराव माणूस दिलदार. परत येताना गाडीत तो फेटा त्यांनी विठ्ठलभाऊंच्या मांडीवर ठेवला. "विठ्ठल, हा तुझा आहे. अजून काय पाहिजे ते माग."

भाऊंनी फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. मंग म्हणले, "आष्टीला एक गाणं. पुढून."

आष्टी त्यांची सासुरवाडी. वहिनींनी माहेरी लग्नापासून सांगून ठेवलं होतं, आमचे हे पार्टीत पुढं गातात. म्हणून आष्टीची सुपारी आली की भाऊ दरवेळी काही तरी काढायचे. कधी नदीला पाणी आहे, कधी तिथल्या लोकांना गाणं कळत न्हाई. यावेळी गुलाबरावांनी त्यांना न विचारताच सुपारी घेतली होती. आता भाऊ मागं दिसले, तर वहिनींना माहेरी तोंड दाखवायला जागा न्हाई.

*

तर काल. आष्टीचा बाजार, चारचं ऊन, चिंचेखाली स्टेज. समोर बाजेवर सासरे, हातात काठी, दोन्हीकडं दोन दोन मेव्हणे. बायकांत वहिनी, नवं लुगडं नेसून. त्या आदल्या दिवशीच आल्त्या.

गुलाबराव माइकवर म्हणले, "आता आमचे विठ्ठलराव गातील." यार, त्या भोंग्यातून भाऊंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. भाऊ तीर्थपुरीचा फेटा बांधून पुढं गेले. पेटीवाल्या कासीमचाचांनी सुरावट वाजवली. भाऊंनी तोंड उघडलं.

काहीच न्हाई.

चाचांनी परत वाजवली. भाऊंचं तोंड उघडंच. मान हळूच मागं वळली, माझ्याकडं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊ वाट बघून राह्यले होते. पहिली ओळ कोणी तरी म्हणेल, याची!

मोतीलाल कानात म्हणला, "जल्दी. तू उचल."

"मी सुरू केलं तर पुढचा गायक मी झालो. भाऊ झीलकरी ठरतील ना, सासऱ्यांसमोर!"

"आणि न्हाई केलं तर मुके ठरतील."

चाचांनी तिसऱ्यांदा वाजवली. सासरे काठीवर हनुवटी टेकून पुढं झुकले. वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं. मी खाली मान घातली, तोंडापुढं हात धरला आणि म्हणलं, "बांधावरच्या बोरीला आलाय बहर..."

"आलाय बहर!" भाऊंनी असं उचललं की चिंचेवरचे कावळे उडाले. अरे, काय आवाज तो! मी तोंडातल्या तोंडात ओळ म्हणायची, आणि भाऊंनी माइकवर तिचं शेपूट घेऊन सगळा बाजार हलवायचा. शेवटी लोकांनी टोप्या उडवल्या.

सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांना बाजेजवळ बोलावलं. भाऊंच्या हातात नारळ दिला. "जावाई, आवाज खणखणीत आहे. पोरगी खरंच सांगत होती." वहिनी तिथंच उभ्या होत्या, हसून राह्यल्या होत्या आणि डोळे पण पुसून राह्यल्या होत्या.

मंग काठी माझ्याकडं वळली.

"पण हा मागचा कोण आहे? बिलकुल अक्कल न्हाई. जावायांनी तोंड उघडायच्या आत हा ओळ म्हणून टाकतो! एकदा न्हाई, दरवेळी. गुलाबराव, असल्या माणसाला पार्टीत ठेवू नका."

आणि विठ्ठलभाऊ, डोळे मिटून, सुरात, "ठेवू नका, ठेवू नका."

माझ्या शेजारी मोतीलालनं पण उचललं, "ठेवू नका."

दत्त्या, खोटं कशाला बोलू, माझ्या पण तोंडावर आलं होतं.

भाऊंनी डोळे उघडले आणि त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. चेहरा असा पांढरा पडला! गुलाबराव आभाळाकडं बघून राह्यले होते. वहिनी माझ्याकडं बघून राह्यल्या होत्या, हात जोडायचेच काय ते बाकी. आणि सासऱ्यांची काठी माझ्या छातीसमोर, तशीच.

"बोल," ते म्हणले. "का केलं असं?"

सांग ना आता. माझ्या जागी तू असता तर काय केलं असतं?