टाच दिसेल अशी खुर्ची

सन २०१६. मी पासष्ट वर्षांचा. जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही, पण बहात्तरच्या दुष्काळात फुलंब्रीकडची मेंढरं विकून बापासंगं शहरात आलो तेव्हा एकवीसचा होतो, एवढं पक्कं. तेव्हापासून गवंडीकाम. उंची चार फूट दहा इंच. तिची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायला पाहिजे ती बांधणाऱ्यांना. ओटा, कठडा, खिडकी, सगळं साडेपाच फुटी माणूस डोळ्यांसमोर धरून बांधतात आणि वर म्हणतात, माप बरोबर आहे.

त्या सालीही दुष्काळच होता. नळाला पाणी कधी येईल ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. तरी बीड बायपासकडं इमारतींवर इमारती चढत होत्या, आणि तिथंच माझ्या पोरानं फ्लॅट घेतला होता. अशात नातीच्या क्लासानं बॅलेचा कार्यक्रम ठेवला. बॅले म्हणजे विलायती नाच. चवड्यांवर उभं राहून करायचा, टाच टेकली की चुकलं.

नात नऊ वर्षांची. उंचीनं माझ्यावर गेलेली, म्हणजे क्लासात सगळ्यांत बुटकी. एकदा तिला सोडायला गेलो तेव्हा दारातून पाहिलं होतं. सराव करताना धरायला भिंतीला पाइपाची दांडी लावलेली, ती हिच्या हनुवटीला लागत होती. कुण्या शहाण्यानं लावली ते विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, तुम्ही माझ्या टाचा बघा."

"टाचांत काय बघायचं?"

"खाली टेकतात का ते. बाई म्हणतात डावी टेकते. मला नाचताना कळत नाही. टेकत राहिली तर मला मोठ्या गटात घेणार नाहीत."

"मायला विचार की."

"मम्मी म्हणते, किती गोड नाचतेस. सगळेच म्हणतात. तुम्ही गोड म्हणत नाही."

मी म्हणालो, "बघतो." आणि एकदा बघतो म्हटल्यावर बघायचं होतं.

आता कार्यक्रम ज्या सभागृहात होता, तिथल्या फरशा मीच बसवलेल्या, तीसेक वर्षांपूर्वी. तेव्हाच मी इंजिनियर साहेबाला म्हणालो होतो, साहेब, उतार कमी पडतो, मागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येईल. साहेबानं खुर्ची मागवली, तिच्यावर स्वतः बसला, समोर पाहिलं आणि म्हणाला, "मला तर सगळं दिसतंय." साहेब सहा फूट होता. शिकलेल्या माणसाची तपासणी अशी असते.

म्हणून आदल्या दिवशी लेव्हलची नळी खांद्यावर टाकून मी तिथं गेलो. गवंड्याची ही नळी म्हणजे पाणी भरलेला पारदर्शक पाइप. दोन टोकं दोन जागी धरली की पाणी दोन्हीकडं एका उंचीला उभं राहतं. ते खोटं बोलत नाही. दारावरचा वॉचमन ओळखीचा नव्हता, पण माणूस बरा होता, शहागंजचा, दाढी मेंदीनं रंगवलेली.

"चाचा, क्या नापने आए?"

"नजर."

"और ये पानी किधर से लाए? हमारे यहाँ तो आठ दिन से नल सूखा है."

"चार महिन्यांचं आहे. नळीतच राहतं. पिऊ नको."

तो हसला आणि मी सांगितलं तसं नळीचं एक टोक स्टेजच्या कडेला धरून उभा राहिला. मी पुढच्या सोफ्यावर बसलो. सोफा मऊ, माणूस आत खाली जातो. स्टेजच्या पातळीचं पाणी माझ्या डोक्याच्या वीतभर वर येऊन थांबलं. म्हणजे डोळे स्टेजच्या खाली, उंच माणसाचेही. तिथं बसून फार तर पोरींचे गुडघे दिसले असते. सगळ्यांत मानाची जागा, आणि पाय बघायच्या नाचाला पायच दिसत नाहीत.

मधल्या रांगेत गेलो. वॉचमनला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मला त्याची टोपी दिसली.

"मुंडी खाली करू काय चाचा?"

"उद्या समदे करतील का?"

मग वर बाल्कनीत. पहिली रांग बघून माझ्यासारखा बुटका खुश होतो, पण तिथं समोर लोखंडी कठडा. त्याचा वरचा पाइप बरोबर माझ्या डोळ्यासमोर. उंच माणूस त्याच्या वरून बघतो, बुटक्याचा नाच मधोमध कापला जातो. एक मात्र होतं. दुसऱ्या रांगेला पायरी चांगली उंच होती, आणि तिच्या डाव्या टोकाच्या खुर्चीपुढं जिन्याची वाट. पुढं कुणी बसूच शकत नव्हतं. तिथून कठड्याच्या वरून सगळं स्टेज, अगदी फळ्यांच्या सांध्यासकट, दिसलं. खुर्चीचा पत्रा फाटलेला होता, म्हणून तिकीटवाला ती कुणाला देत नव्हता. खाली जाऊन मी त्याला म्हटलं, मला दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे नटूनथटून आले. पोरानं पुढचे सोफे घेतले होते, माझ्यासाठी आणि व्याह्यांसाठी. व्याह्यांचं कापडाचं दुकान. माणूस उंच, वर फेटा. त्यांच्या मागं जो कुणी बसला असेल त्याचे पैसे वायाच गेले. मी जिन्याकडं वळलो तर त्यांनी हाक मारली.

"पाव्हणं, इकडं या. जागा धरलीय तुमची."

"मी वर बसतो."

"वर? बाल्कनीत?" त्यांनी आपल्या बायकोकडं पाहिलं. "आमच्या मांडीला मांडी लावून बसायला कमीपणा वाटतो व्हय?"

"नाय. इथून पाय दिसत नाहीत."

"पाय कुणाचे बघायचेत तुम्हाला या वयात?" ते म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले.

पोरगा माझ्यामागं जिन्यापर्यंत आला. "आबा, रुसायचं असलं तर घरी जाऊन रुसा. लोकांत नको."

आमच्यात हे असं आहे. जागा दिसण्यासाठी नसते, मानासाठी असते. पाटावर कोण, सतरंजीवर कोण, सोफ्यावर कोण, हेच बघायला माणसं येतात. नाच झाला काय नि नाही झाला काय. मी पोराला एवढंच म्हणालो, "मी तिला बघतो म्हटलंय," आणि वर गेलो.

पडदा उघडला तसे खाली सगळे फोन वर गेले. सोफ्यावरच्यांनी तर बसल्या जागी हात डोक्यावर ताणले. डोळे दिलेत देवानं, पण ह्यांना चार बोटं काचेतून बघायचं. माझ्या नातीला पांढरा झगा घातला होता, फुगलेला. सोळा पोरींत ती डावीकडून तिसरी. बाकीच्यांकडं मी बघितलंच नाही. नाच कसा होता विचाराल तर सांगता येणार नाही. मी दोन टाचा बघत होतो. भिंत सरळ आहे का बघताना ओळंब्याकडं बघतो तसा, पापणी न लववता. उजवी टाच शेवटपर्यंत वर होती. डावी वळताना खाली आली. एकदा. मग पुन्हा. मग शेवटी हात वर करून उभ्या राहिल्या तेव्हा तिसऱ्यांदा. खांदा वर ओढायची आणि टाच सुटायची. तो खांदा कुठून आला ते मला कळलं. हनुवटीएवढ्या दांडीला धरून सराव केला की खांदा तसाच चढून बसतो.

बाहेर मंडळी तिच्याभोवती जमली. व्याह्यांनी तिला उचलून घेतलं. "एक नंबर. पाय जमिनीला लागलेच नाहीत पोरीचे."

सोफ्यावरून तिचे पाय दिसलेले नव्हते, हे मला नळीनं सांगितलेलं होतं. पण माणूस बोलला.

तिनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आबा?"

"डावी तीनदा टेकली. उजवी नाय."

सूनबाई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी." व्याही पोराला हळूच म्हणाले, "म्हातारा अजून रुसलेला आहे." पोरगी खाली उतरली आणि माझ्यापाशी आली. डोळे भरले होते, पण रडली नाही.

"कुठं टेकली?"

"दोनदा वळताना. एकदा शेवटी. खांदा वर ओढतीस तेव्हा."

"मला वाटलंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता काय करायचं?"

मी तिचा वर चढलेला खांदा हातानं खाली दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरगा अंघोळीच्या पाण्याची वाट बघत बसला होता तेव्हा, मी नातीला हॉलच्या भिंतीशी उभं केलं. खांदे सैल सोडायला लावले, हात सहज कुठं येतो ते पाहिलं आणि तिथं पेन्सिलीनं खूण केली. नळीनं तीच पातळी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेली. सूनबाईनं डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांसाठी बादलीत ठेवलं होतं, त्यातलं तांब्याभर काढून पसाभर सिमेंट कालवलं. माझ्या परांचीतला एक जुना पाइप होता, तो दांडीसाठी आणला.

"आबा, रंग देऊन पंधरा दिवस नाही झाले," पोरगा म्हणाला.

मी खुणेवर छिन्नी धरली आणि हातोडा घातला.