कुणीतरी धरलं असेल

दत्ता गेल्याचा फोन मी बोईसरच्या ऑफिसात घेतला. त्या आठवड्यात त्याला भेटायला जायचंच, असं मी ठरवलं होतं... तसं मी प्रत्येक आठवड्यात ठरवत होतो.

शिरगावचा दत्ता आमच्या छोट्या कंपनीत माझ्या आधीपासून होता. कारखान्यातल्या यंत्रांचे प्रोग्राम एकमेकांना निरोप पाठवतात. त्यासाठीची संगणकाच्या सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी वापरायचा तयार कोड, त्याने लिहिली होती. प्रत्येक निरोपाला एक आकडा जोडलेला. निरोप धरला की आकडा एकने वाढवायचा, काम झालं की सोडून कमी करायचा. शून्य झाला की निरोप मेमरीतून जातो. मी घरातला पहिला पदवीधर, परीक्षेपुरतं सी शिकलेला. स्वतः न धरलेला, नुसता बघायला मिळालेला निरोपही मी इमानदारीत सोडून द्यायचो; दुसऱ्याने धरलेला आकडा कमी व्हायचा आणि भलताच प्रोग्राम कोसळायचा. "अरे पंडिता, शेजाऱ्याच्या ओट्यावर टेकलास म्हणून त्याचं घर मोडून येशील काय?" दत्ता ओरडायचा, मग ओळ न ओळ समजावायचा. घाबरून मी उलटी चूक केली. दुसऱ्या प्रोग्रामने निरोप धरलाय ना, मग आपण कशाला धरा, म्हणून आकडा न वाढवताच वापरू लागलो. त्यावर तो हसला नाही. "त्यानं सोडला, मग? ज्याला पायजे त्यानं सोताचा हात लावायचा. दुसऱ्याच्या भरवशावर नाय."

तो आजारी होऊन घरी बसला, तेव्हा ऑफिसात आम्ही तिघे उरलो. मला वाटलं, महेश जात असेल, त्याच्याकडे मोटारसायकल आहे. महेशला वाटलं, प्रिया जाते. प्रियाला वाटलं, मी जातो; दत्ताने शिकवलं मलाच ना! तो गेल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईने आमचे हात धरले, तेव्हा हे उघड झालं. "लय उपकार झाले. मी मासली घेऊन बाजारात गेली की दुपारचे तुमी यायचात ना? तो सांगायचा मना." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. नाही म्हणायची हिंमत एकालाही झाली नाही.

गेल्या रविवारी खरं सांगायला मी एकटाच गेलो. दत्ताच्या आईने मला त्याच्या खोलीत नेलं. खाटेशेजारी एक नवी खुर्ची होती. मित्र येतील म्हणून दत्तानेच मागवलेली, ती म्हणाली. खुर्चीच्या बैठकीवरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं... म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे रे," म्हणत ती वाकली, नखाने ते प्लास्टिक सोलू लागली. "बस आता."