बाहेरून उलटं दिसणारं फाटक

इनास गेल्याचा त्याच्या बायकोचा, रेजिनाचा फोन आला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापत होतो. हातातलं मशीन भिंतीवर आदळलं, कामगार मागे सरले. रडू नाही, संताप आला. चूक कबूल न करताच गेला... महिना उलटला, संताप तसाच आहे.

आम्ही एका बाकावरचे. तो गणिताचा मास्तर झाला, मी आठवीतून उठून वेल्डिंगला लागलो. कळंबच्या वाटेवर त्याने घर बांधलं तेव्हा आमचा सौदा ठरला : फाटक मी करायचं, बदल्यात त्याने मला त्याची लाडकी संख्या समजावायची. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. ओट्यावर बसून त्याने खडूने गोल काढला, त्यात १, ४, २, ८, ५, ७ मांडले. "दोनाने गुण." २८५७१४. "तिनाने." ४२८५७१. तेच आकडे, तीच रांग, फक्त सुरुवात दुसरीकडून. सहापर्यंत तसंच. साताने गुणलं आणि सगळे नऊ!

"हे रे काय?" मी ओरडलो.

"तुझ्यासारखं आहे. सहा वेळा ऐकून घेतं, सातव्यांदा डोकं फिरतं."

तोच गोल मी फाटकावर बसवला. एका झडपेवर १४२, दुसरीवर ८५७. घराला आशीर्वाद द्यायला फादर यायचे होते, त्याच सकाळी घाईत टांगलं. रस्त्यावरून पाहुणे हसायला लागले. बाहेरून आकडे आरशातल्यासारखे उलटे!

"लोहाराला आकडेसुद्धा येत नाहीत," इनास सगळ्यांदेखत म्हणाला.

"ओट्यावर बसून तूच काढलंस, मास्तरा! घराकडून बघून!"

मी त्याची कॉलर धरली. त्याच्या ठोशाने माझा पुढचा दात पडला, तोंडभर रक्त. मी घण उचलून खांब फोडला, ८५७ ची झडप बिजागरीसकट उपटली आणि टेम्पोत टाकून नेली. फादर पवित्र पाणी घेऊन बघतच राहिले.

पुढे बोलणं नाही. झडप न्यायला तो येईल म्हणून मी वाट बघितली. आला नाही. त्याने खांब सांधून घेतला, पण नवी झडप केली नाही, मोकळ्या जागी नुसती दोरी बांधली.

परवा चर्चमध्ये त्याच्या महिन्याच्या प्रार्थनेनंतर, मिस्सेनंतर, रेजिना माझ्यावरच उसळली. "काय रे भास्कर, तुमच्या रागापायी गुरांनी माझ्या केळी खाल्ल्या!"

"मग दुसरी झडप का नाही केली त्याने?"

"मी रोज भांडायचे. तर म्हणायचा, उरलेल्या झडपेवरचा एकेक आकडा नवातून वजा कर. गेलेली झडप येते आपोआप."

मी मनात केलं. आठ... पाच... सात.

"चूक कुणाची, ते बोलला कधी?"

"तेवढं सोडून सगळं बोलला."

दुसऱ्या दिवशी झडप घेऊन गेलो. वाकलेल्या बिजागरीवर असे घण घातले की आळी गोळा झाली. रस्त्यावरून बघितलं : उलटंच. मग आत शिरलो, फाटक ओढून घेतलं आणि ओट्यावर त्याच्या जागी बसलो. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. अगदी सरळ.

"बघ," मी मोठ्याने म्हणालो, "तुझीच चूक होती."